शाळेचे लेखन आणि मुक्त मजकूर-संपादक : मिळविणे, वाटणे व जोपासणे

शाळेचे दप्तर हे शिक्षकाचे नसून शाळेचे असते, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकाला नव्याने सांगावयास नको. बदलीचा हुकूम आला म्हणजे जुना शिक्षक कपाटाच्या किल्ल्या, जनरल रजिस्टर, हजेरीपट, डेडस्टॉक रजिस्टर व इतिवृत्ताची वही नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करतो. चार्ज यादीवर दोघांच्या सह्या होतात आणि शाळेचे काम दुसऱ्या दिवशी न अडता चालू राहते. ह्या साध्या शिस्तीवर जिल्ह्यातील शाळांचा कारभार आजवर चालत आला आहे.

अलीकडे मात्र ह्या लेखनाचा बराचसा भाग संगणकात गेला आहे. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका, पालकांना पाठवावयाची पत्रे, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे टिपण, मुलांच्या हस्तलिखितातील निवडक लेख, स्थानिक शब्दांचे व म्हणींचे संग्रह, असे कितीतरी लेखन आता वहीत होत नाही. तेथे चार्ज देण्याची जुनी शिस्त अपुरी पडते. नवा शिक्षक संगणक उघडतो. फाइल सापडते, परंतु ती उघडत नाही. उघडली तरी देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे, विरामचिन्हे व रिकामे चौकोन यांची खिचडी दिसते. ज्या फाँटमध्ये मजकूर लिहिला तो फाँट बदलून गेलेल्या शिक्षकाच्या स्वतःच्या संगणकात होता. किंवा ज्या सॉफ्टवेअरने लिहिला त्याची मुदत संपली. किंवा ते सॉफ्टवेअर म्हणजे कोठून तरी आणलेली विनापरवाना प्रत होती व ती आता चालेनाशी झाली. किल्ली हाती आली, पण कपाट उघडत नाही, अशी ही अवस्था होय.

करवीर संस्थानाच्या इतिहासात ह्या अडचणीचे एक जुने रूप आढळते. गावचे दप्तर त्या काळी वंशपरंपरागत वतनदाराच्या हाती असे व ते मोडी लिपीत लिहिलेले असे. ज्याला मोडी वाचता येत नसे, त्याला स्वतःच्या जमिनीची नोंदही दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्याची पद्धत सुरू केली. रयतेला वाचता यावे आणि रयतेचे दप्तर एका घराच्या मालकीचे राहू नये, ह्या दोन्ही गोष्टी परस्परांना पूरक होत्या. आज शाळेचे लेखन कोणत्या साधनाने करावे, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे. शाळेचे अक्षर एखाद्या कंपनीच्या अथवा एखाद्या व्यक्तीच्या किल्लीखाली राहू नये, ह्यासाठी मुक्त मजकूर-संपादकाचा परिचय शिक्षकांनी करून घेणे अगत्याचे आहे.

१. मजकूर-संपादक म्हणजे काय

टेक्स्ट एडिटर अथवा मजकूर-संपादक म्हणजे केवळ अक्षरे लिहिण्याचे, दुरुस्त करण्याचे व जतन करण्याचे साधन होय. ठळक मथळे, रंगीत चौकटी, चित्रे, तक्ते यांची सोय त्यात नसते. ती सोय वर्ड प्रोसेसरमध्ये असते. पहिल्याची तुलना पाटीशी केली तर दुसऱ्याची तुलना छापखान्याशी करता येईल. प्रमाणपत्र अथवा सजविलेली पत्रिका तयार करावयाची असेल तर छापखानाच हवा. त्यासाठी लिबरऑफिस हा मुक्त संच २०१० सालापासून उपलब्ध आहे व तो मराठीतूनही वापरता येतो. परंतु टिपण, पत्राचा मसुदा, प्रश्नांची यादी, गोष्ट, निबंध ह्यांना पाटी पुरते.

साध्या मजकुराचा मोठा गुण असा की, त्यात अक्षरांखेरीज दुसरे काही नसते. म्हणून तो कोणत्याही संगणकावर, कोणत्याही संपादकाने उघडता येतो. मात्र त्यासाठी ती अक्षरे युनिकोड पद्धतीने लिहिलेली असली पाहिजेत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देण्याचे तत्त्व आहे व देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखून ठेवला आहे. त्यामुळे ‘क’ हा मुंबईत, दिल्लीत किंवा लंडनमध्ये ‘क’च राहतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असे नव्हते. तेथे रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसविलेले असे. फाँट गेला की चित्र जाई आणि खालचे रोमन अक्षर उघडे पडे. खिचडी होण्याचे कारण हेच.

फाइल जतन करताना संपादक लेखनाची संकेतपद्धती विचारतो. तेथे यूटीएफ-८ ही निवडावी. १९९२ साली तयार झालेली ही पद्धती आज सर्वत्र चालते. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. सुमारे दोन हजार चिन्हांचे एक पान धरले, तर ते सहा हजार बाइटांत मावते. ह्या हिशेबाने आठ जीबीच्या लहानशा पेनड्राइव्हमध्ये दहा लाखांहून अधिक पाने बसतील. एका शाळेचे सर्व पिढ्यांचे लेखन खिशात मावेल, इतका हा मजकूर हलका असतो.

२. मुक्त म्हणजे फुकट नव्हे

मुक्त सॉफ्टवेअर ही कल्पना समजण्यास घरातील विरजणाचे उदाहरण पुरेसे आहे. शेजारीण वाटीभर विरजण मागावयास आली तर देणाऱ्या घरातले दही कमी होत नाही. घेणारी त्या विरजणाने आपले दूध लावते, हवे तर ते घट्ट करते, हवे तर त्याचे ताक करते, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरी तेच विरजण देते. तिला कोणी अडवीत नाही. सॉफ्टवेअरच्या प्रतीचेही असेच आहे. एकाने दुसऱ्यास प्रत दिली तरी पहिल्याची प्रत जागच्या जागी राहते. तथापि पुष्कळसे सॉफ्टवेअर देताना त्याचे निर्माते अशी अट घालतात की, प्रत दुसऱ्यास देऊ नये, आत काय आहे ते पाहू नये व त्यात बदल करू नये.

ह्या अटींविरुद्ध अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरात ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ह्या प्रकल्पातील ज्या साधनाला आरंभीच मागणी आली ते एक मजकूर-संपादकच होते. ग्नू इमॅक्स हे त्याचे नाव. १९८५ साली ज्यांच्याकडे जाळ्याची सोय नव्हती त्यांना स्टॉलमन हे साधन चुंबकीय फितीवर भरून टपालाने पाठवीत व त्याबद्दल दीडशे डॉलर घेत. ज्याला फीत नको असेल त्याने एखाद्या मित्राकडून प्रत उतरवून घ्यावी, ह्यास त्यांची हरकत नव्हती. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर विकताही येते. परंतु विकत घेणाऱ्याचे हात बांधता येत नाहीत. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपल्या भाषेचे सुदैव होय. फुकट मिळालेली प्रत मुक्त असेलच असे नाही.

मुक्ततेची चार अंगे सांगितली जातात. पहिले, कोणत्याही कामासाठी ते वापरण्याचे स्वातंत्र्य. दुसरे, ते कसे चालते ह्याचा अभ्यास करण्याचे व त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करण्याचे स्वातंत्र्य; ह्यासाठी त्याची मूळ संहिता, म्हणजे ज्या सूचनांपासून ते बनले त्या सूचना, उपलब्ध असाव्या लागतात. तिसरे, त्याच्या प्रती दुसऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य. चौथे, आपण सुधारलेली प्रतही दुसऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य. १९८९ साली निघालेल्या जनरल पब्लिक लायसन्स ह्या परवान्यात ह्या चारींबरोबर एक कर्तव्यही जोडलेले आहे : ज्याला प्रत मिळाली त्याने पुढे देताना हेच हक्क पुढच्यासही द्यावेत. विरजण घेणाऱ्याने पुढे विरजण नाकारू नये, असाच त्याचा अर्थ.

३. मिळविणे

विंडोज पद्धतीचा संगणक असलेल्या शाळेस नोटपॅड प्लस प्लस हा संपादक सोयीचा आहे. डॉन हो यांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला व तो वर सांगितलेल्या परवान्याखाली मिळतो. विंडोजबरोबर येणारे साधे नोटपॅडही लेखनास चालते. परंतु ते मुक्त नाही. लिनक्स पद्धतीच्या संगणकावर बहुधा संपादक आधीपासूनच असतो. ग्नोम प्रकल्पाचा जी-एडिट किंवा २०२२ पासून त्याच्या जागी आलेला नवा साधा संपादक तेथे आढळतो. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ साली प्रसिद्ध केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही ह्याच कुळातील असून तीत मराठीची सोय आहे. केरळ राज्याने २००१ साली सुरू केलेल्या आयटी@स्कूल प्रकल्पात पुढे शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवरच चालविण्याचे धोरण स्वीकारले. भारत सरकारनेही २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. शाळेने हा मार्ग धरणे म्हणजे काही जगावेगळे करणे नव्हे.

मिळविताना तीन गोष्टींची दक्षता घ्यावी.

पहिली : प्रत मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी. शोधयंत्रात नाव घातले असता पहिल्या ओळीत जे दिसते ते नेहमीच अस्सल असते असे नाही. बाजारात ज्याप्रमाणे नामांकित बियाण्याच्या पिशवीत भलतेच बियाणे भरून विकले जाते, त्याप्रमाणे मुक्त संपादकाच्या नावाखाली जाहिराती व उपद्रवी आज्ञावली भरलेल्या प्रती फिरत असतात.

दुसरी : उतरविलेल्या प्रतीची खूण पडताळावी. मूळ संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीबरोबर चौसष्ट चिन्हांची एक ओळ दिलेली असते. हिला त्या फाइलीचा अंगठा म्हणावयास हरकत नाही. फाइलीत एका अक्षराचाही फरक पडला तरी हा अंगठा पार बदलतो. संगणकाकडून आपल्या प्रतीचा अंगठा काढून तो मूळ ओळीशी ताडून पाहावा. ही दक्षता अनाठायी नाही. २०२५ साली नोटपॅड प्लस प्लसच्या आपोआप अद्ययावत होण्याच्या वाटेत परक्यांनी शिरकाव करून काही वापरकर्त्यांकडे बनावट प्रत पोहोचविल्याचे उघड झाले. डिसेंबर २०२५ मध्ये ती वाट बंद करणारी आवृत्ती काढण्यात आली. म्हणून त्यापूर्वीची आवृत्ती कोणत्याही शाळेने वापरात ठेवू नये.

तिसरी : हे काम प्रत्येक शाळेने स्वतंत्रपणे करण्याचे कारण नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड अशा डोंगरी तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर जाळ्याची जोडणी बेभरवशाची असते. केंद्रशाळेत एकदा प्रत उतरवावी, दोघांनी मिळून तिचा अंगठा पडताळावा व तेथून ती पेनड्राइव्हवर इतर शाळांना द्यावी. असे वाटप पूर्णपणे परवान्यास धरून आहे.

४. ‘गुऱ्हाळ’ हा कसोटीचा शब्द

संपादक बसविल्यावर तो मराठी नीट लिहितो की नाही, हे पाहण्यासाठी लांबलचक उतारा लिहिण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या परिचयाचा एकच शब्द पुरे : गुऱ्हाळ. ह्या शब्दात मराठीची दोन वैशिष्ट्ये एकत्र आली आहेत. एक ‘ळ’, आणि दुसरा ‘ऱ्ह’ मधील अर्धा र. हा अर्धा र ‘वर्ग’ ह्या शब्दातील रफारासारखा डोक्यावर जात नाही. तो आडवा, पापणीच्या आकाराचा राहतो. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ हे शब्द त्याच जातीचे. साधा ‘र’ लिहून पाय मोडला तर ‘गुर्हाळ’ असे चुकीचे रूप उमटते. त्यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे वेगळे अक्षर दिलेले आहे.

सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असतात. ज्या कळीवर ‘र’ आहे तीच कळ शिफ्टसह दाबली असता ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर पाय मोडून ‘ह’ लिहिला की ‘ऱ्ह’ तयार होतो. ‘गुऱ्हाळ’ हा शब्द एकूण सात चिन्हांचा असून यूटीएफ-८ मध्ये तो एकवीस बाइट घेतो. तो लिहून, फाइल जतन करून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. तेथेही तो जसाच्या तसा दिसला, तर संपादक, फाँट व संकेतपद्धती ह्या तिन्ही गोष्टी नीट बसल्या असे समजावे. पापणीचा र मोडलेला दिसल्यास दोष बहुधा फाँटचा असतो. रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त केलेला लोहित, किंवा मुंबईच्या एक टाइप ह्या अक्षररचनाकारांच्या गटाने तयार केलेला मुक्ता, असे देवनागरी फाँट विनामूल्य व मुक्त परवान्याखाली मिळतात. तेही त्याच पेनड्राइव्हवर ठेवावेत.

५. वाटणे

शाळांतून सॉफ्टवेअरच्या प्रती पूर्वीपासून वाटल्या जातात. परंतु त्यांपैकी पुष्कळ प्रती ज्यांच्या वाटपास परवानगी नाही अशा असतात. शिक्षकाला दुसऱ्या शाळेची अडचण पाहवत नाही, म्हणून तो प्रत देतो. त्याचा हेतू वाईट नसतो. तथापि प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे विनापरवाना प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा अपराध आहे. त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैदेची शिक्षा न देता केवळ दंड करू शकते. पण अपराध तो अपराधच राहतो. शिवाय कायद्यापेक्षाही मोठा प्रश्न वर्गातला आहे. ‘खरे बोलावे’ हा पाठ ज्या खोलीत शिकवावयाचा, त्याच खोलीतील संगणक चोरीच्या प्रतीवर चालत असेल तर मुले पाठ कोणता घेतील, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मुक्त सॉफ्टवेअरमुळे शेजारधर्म आणि कायदा यांतील हा झगडाच उरत नाही. येथे प्रत देणे हाच धर्म व तोच कायदा.

वाटताना मात्र रीत पाळावी. पेनड्राइव्हवर ‘संपादक’ नावाचे एक घर करून त्यात पुढील वस्तू एकत्र ठेवाव्यात : संपादकाची प्रत, त्याच आवृत्तीची मूळ संहिता, परवान्याचा मजकूर, पडताळणीचा अंगठा, देवनागरी फाँट, आणि मराठीत लिहिलेले एक पानी टिपण. मूळ संहिता शिक्षकास वाचता येईलच असे नाही. परंतु प्रत देणाऱ्याने ती मिळण्याची सोय करावी, असे परवाना सांगतो. आणि ती बरोबर ठेवणे हा ती सोय करण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय. आठवी-नववीत गेलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने कुतूहलाने ती उघडून पाहिली, तर त्या पेनड्राइव्हचे सार्थक झाले असे समजावे.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा ह्या लहानशा शाळेचे उदाहरण ह्या संदर्भात उद्बोधक आहे. पहिली ते चौथीच्या ह्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ह्या जागतिक प्रकल्पाची भारतातील आरंभीची चाचणी झाली. मुलांच्या हाती आलेल्या त्या छोट्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांवर शुगर नावाची मुक्त प्रणाली होती, आणि तीत लिहिण्यासाठी जे साधन होते ते अबीवर्ड ह्या दुसऱ्या एका मुक्त लेखन-साधनापासून बनविलेले होते. एकाने केलेले काम दुसऱ्याने घेतले, मुलांसाठी सोपे केले व पुढे दिले. २००८ साली शुगरच्या देखभालीसाठी शुगर लॅब्ज ही स्वयंसेवकांची स्वतंत्र संस्था निघाली व साध्या संगणकावर पेनड्राइव्हवरूनही शुगर चालविण्याची सोय झाली. यंत्रे जुनी झाली, त्यांचे उत्पादन मागे पडले, तरी सॉफ्टवेअर त्यांच्याबरोबर संपले नाही. ज्याची संहिता सर्वांच्या हाती असते, ते एका यंत्राच्या वा एका योजनेच्या आयुष्याशी बांधलेले राहत नाही. शाळेच्या दृष्टीने हा लाभ थोडाथोडका नव्हे. कारण योजना येतात आणि जातात, शाळा मात्र राहते.

६. जोपासणे

विहीर गावाची म्हणून पाणी सर्वांनी न्यावे आणि गाळ मात्र कोणीच काढू नये, असे झाले तर विहीर फार दिवस टिकत नाही. मुक्त संपादकाचेही तेच. तो टिकविण्यास चार प्रकारे हातभार लावता येतो, आणि त्यांपैकी तीन प्रकारांस पैसा लागत नाही.

पहिला प्रकार परस्परसाहाय्याचा. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत दहा मिनिटे ह्या विषयासाठी राखून ठेवावीत. ज्याला अडचण आली त्याने ती सांगावी. ज्याला उपाय ठाऊक असेल त्याने तो करून दाखवावा आणि एकाने तो टिपून ठेवावा. वर्षअखेर ह्या टिपणांची एक छोटी मार्गदर्शिका आपोआप तयार होते व ती त्याच पेनड्राइव्हवर जाते. केंद्रातील जाणकार शिक्षकाची बदली झाली तरी त्याचे ज्ञान केंद्रात राहते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्र-पाठ मराठीतही तयार केले असून ते विनामूल्य आहेत. त्यांचाही उपयोग करावा.

दुसरा प्रकार दोष कळविण्याचा. ‘संपादक चालत नाही’ एवढे सांगून कोणासही मदत करता येत नाही. ‘पोटात दुखते’ एवढ्यावर डॉक्टर औषध देत नाही. कोठे, केव्हापासून, काय खाल्ल्यावर, हे तो विचारतो. त्याप्रमाणे चार गोष्टी लिहून द्याव्यात : संगणकाची प्रणाली व संपादकाची आवृत्ती कोणती, काय केले, काय व्हावे असे अपेक्षित होते, आणि प्रत्यक्षात काय झाले. मराठी लेखनातील दोष मराठी लिहिणाऱ्यालाच दिसतात. दूरदेशीच्या कर्त्याला पापणीचा र माहीत नसतो. तो मोडला तर त्याच्या डोळ्यांना खटकतही नाही. ते कळविणे हे मराठी शिक्षकाचेच काम.

तिसरा प्रकार भाषांतराचा. ग्नोम, लिबरऑफिस यांसारख्या प्रकल्पांत आदेशांची मराठी रूपे स्वयंसेवकांनी केलेली आहेत. पण त्यांतील काही शब्द बोजड, तर काही हिंदीच्या वळणाचे वाटतात. मुलांना कोणता शब्द चटकन कळतो हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार? वर्गात पडताळलेला एखादा सोपा शब्द त्या प्रकल्पाला सुचविणे, ही भाषेची व शाळेची एकाच वेळी केलेली सेवा होय.

चौथा प्रकार देणगीचा. ह्या बाबतीत व्हिम ह्या संपादकाची हकीकत प्रत्येक शिक्षकाने वाचण्यासारखी आहे. नेदरलँड्समधील ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली तो प्रसिद्ध केला. ते युगांडा देशातील किबाले येथे स्वयंसेवक म्हणून राहून आले होते. तेथे एड्सच्या साथीने अनेक मुले पोरकी झाली होती. व्हिम वापरणाऱ्यांकडे त्यांनी स्वतःसाठी मोबदला मागितला नाही. संपादक उपयोगी वाटला तर किबाले येथील मुलांच्या शाळेला व संगोपनाला मदत करा, अशी विनंती त्यांनी संपादक उघडताच दिसेल अशा जागी लिहून ठेवली. जगभरच्या लोकांनी ती मानली. एका मजकूर-संपादकाने दूरच्या एका खेड्यातील मुलांच्या शिक्षणास हातभार लावला, असे हे उदाहरण आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी मोलेनार निवर्तले. बत्तीस वर्षे एका माणसाच्या देखरेखीखाली वाढलेला हा संपादक त्यांच्यानंतर थांबला नाही. संहिता सर्वांकडे होती, तिचे जाणकार होते, त्यांनी काम पुढे चालविले. व्हिम नवशिक्या माणसास अवघड जातो, म्हणून शाळेत आरंभी तो वापरावा असे नाही. परंतु चार्ज कसा द्यावा, ह्याचा वस्तुपाठ म्हणून तो ध्यानात ठेवावा. ग्रामीण शाळेने देणगी द्यावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. ज्या संस्थांना व व्यक्तींना शक्य असेल त्यांनी मात्र मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच ती द्यावी.

७. प्रती अनेक, जागा अनेक

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा व कृष्णा यांच्या महापुराने शिरोळ, हातकणंगले, करवीर आदी तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. पाण्यात बुडालेल्या वहीची पाने एकमेकांना चिकटतात, शाई विरघळते. बुडालेल्या संगणकातूनही लेखन परत मिळेल असा भरवसा नसतो. लेखन एकाच जागी असणे हा मोठा धोका होय. साधा मजकूर हलका असल्यामुळे त्याच्या अनेक प्रती ठेवण्यास कष्ट पडत नाहीत. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस शाळेच्या लेखनाची एक प्रत शाळेतील पेनड्राइव्हवर, दुसरी केंद्रशाळेत व तिसरी उंचावरच्या एखाद्या गावच्या शाळेत, अशी व्यवस्था केंद्राने ठरवावी. फाइलीचे नाव देताना वर्ष, महिना व विषय हा क्रम पाळावा, म्हणजे शोधताना घोटाळा होत नाही. मुलांची वैयक्तिक माहिती असलेल्या याद्या मात्र ह्या वाटपात घालू नयेत. त्या मुख्याध्यापकाच्या ताब्यातच राहाव्यात.

आणि बदलीच्या वेळी चार्ज यादीत आणखी एक ओळ वाढवावी : संगणकातील लेखन, यूटीएफ-८ साध्या मजकुरात, अमुक इतक्या फाइली, संपादकाच्या प्रतीसह. नव्या शिक्षकाने त्यांतील कोणत्याही दोन फाइली सर्वांसमक्ष उघडून पाहाव्यात व मगच सही करावी. ज्या दिवशी जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत ही ओळ बिनदिक्कत लिहिली जाईल, त्या दिवशी शाळेचे दप्तर खऱ्या अर्थाने शाळेचे झाले असे म्हणता येईल.